शब्दांची झाडाझडती : 'व्रात्य' म्हणजे नेमकं कोण?

मागच्या अंकात खोडकर मुलांसाठी मराठीत किती शब्द आहेत, त्याची एक चौकट दिली होती. त्यात 'व्रात्य' हा शब्द नुसता यादीत टाकून आम्ही पुढे गेलो. वाचकांनी तो सोडला नाही. आलेल्या पत्रांतले सात प्रश्न निवडून या वेळचं सगळं सदर या एका शब्दाला दिलं आहे.

प्रश्न : आमच्याकडे धाकट्या नातवाला 'मेला व्रात्य आहे हो' असं रागानंही म्हणतात आणि कौतुकानंही. कीर्तनात बुवा म्हणाले, व्रत मोडतो तो व्रात्य. पाच वर्षांच्या पोरानं कुठलं व्रत मोडलं? (एक आजोबा, चिपळूण)

आजोबा, बुवांनी सांगितलेली फोड जुनी आहे आणि स्मृतींच्या टीकाकारांना ती सोयीचीही होती. पण तिच्यातली अडचण तुम्ही अचूक पकडलीत. 'व्रत' या शब्दावरून 'व्रात्य' झाला असं मानलं, तर त्याचा सरळ अर्थ 'व्रताशी संबंध असलेला' एवढाच निघतो. 'मोडणारा' हा भाग शब्दात कुठेच नाही, तो आपल्या पदरचा घालावा लागतो.

दुसरी फोड 'व्रात' या शब्दावरून आहे. व्रात म्हणजे टोळी, जथा, घोळका. ग्रामातला तो ग्राम्य, सभेत बसणारा तो सभ्य, तसा व्रातातला तो व्रात्य. इथे काही पदरचं घालावं लागत नाही, म्हणून आमचा कौल या फोडीला. सभ्य आणि व्रात्य हे दोन शब्द एकाच साच्यातून निघाले आणि पुढे एकमेकांच्या नेमके विरुद्ध जाऊन बसले, हे शेजारी ठेवून पाहिलं की गंमत कळते. एक सभेतला, एक टोळीतला.

पाणिनीचं 'व्रातेन जीवति' असं एक सूत्रच आहे. व्रातावर पोट भरणाऱ्याला 'व्रातीन' म्हणावं, असं ते सांगतं. त्यावर पतंजली महाभाष्यात व्राताची व्याख्या देतो : 'नानाजातीया अनियतवृत्तय उत्सेधजीविनः संघा व्राताः'. यातला एकेक तुकडा महत्त्वाचा आहे. नानाजातीय, म्हणजे एका जातीचे नव्हेत, सरमिसळ. अनियतवृत्ती, म्हणजे ठरलेला धंदा नाही. उत्सेधजीवी, म्हणजे अंगाच्या जोरावर जगणारे. काशिकेत, म्हणजे पाणिनीच्या सूत्रांवरच्या जुन्या टीकेत, याचा अर्थ शरीरकष्ट असा घेतला आहे, काही आधुनिक अभ्यासकांना त्यात लुटालूट दिसते. आणि शेवटी संघ, कारण व्रात एकट्याचा होत नाही. नाक्यावरच्या टोळक्याचं याहून नेमकं वर्णन आजही कुणाला जमेल असं वाटत नाही.

हा 'व्रात' शब्द आपल्या घरात दर भाद्रपदात ऐकू येतो. गणपती अथर्वशीर्षात 'नमो व्रातपतये, नमो गणपतये, नमः प्रमथपतये' असं आपण म्हणतो, त्यातला व्रातपती म्हणजे टोळ्यांचा नायक. व्रात, गण, प्रमथ हे तिन्ही जथेच. रुद्रातही 'नमो व्रातेभ्यो व्रातपतिभ्यश्च' आहे. आवर्तनं सुरू झाली आणि वेग वाढला की बऱ्याच ठिकाणी 'व्रातपतये'चं 'व्रतपतये' होतं. तेही वेदात आहे, पण अग्नीचं विशेषण म्हणून. एका कान्यात टोळीचा नायक व्रताचा स्वामी होऊन बसतो. बुवांच्या व्युत्पत्तीत झालं तेही हेच.

प्रश्न : हे व्रात्य प्रत्यक्षात करत काय असत? त्यांचं काही वर्णन मिळतं का, की सगळा अंदाज? (एक शिक्षिका, नाशिक)

वर्णन मिळतं आणि चांगलं तपशीलवार मिळतं. सामवेदाचं तांड्य ब्राह्मण आहे (इथे ब्राह्मण म्हणजे यज्ञविधी समजावणारा वैदिक ग्रंथ). पंचवीस अध्याय म्हणून त्याला पंचविंश असंही म्हणतात. त्याच्या सतराव्या अध्यायाचे पहिले चार खंड व्रात्यांवर आहेत. लाट्यायन आणि कात्यायन यांच्या श्रौतसूत्रांत, म्हणजे यज्ञांचे नियम सांगणाऱ्या ग्रंथांत, त्यांचं सामानसुमान आलं आहे. एक गोष्ट मात्र वाचताना विसरू नये : हे सगळं लिहिणारे सभेतले आहेत, टोळीतला कुणी नाही.

तक्रार पहिली : हे लोक ब्रह्मचर्य पाळत नाहीत, शेती करत नाहीत, व्यापार करत नाहीत. थोडक्यात ना अभ्यास, ना शेत, ना दुकान. तक्रार दुसरी : जे अन्न ब्राह्मणांनी खायचं, ते लोकांकडून हे खातात. मूळ शब्द 'गरगिर' असा आहे, म्हणजे विष गिळणारे. तिसरी : ज्याला शिक्षा करू नये त्याला दंडुक्यानं मारत हिंडतात. चौथी : दीक्षा घेतलेली नसताना दीक्षितांसारखं बोलतात. आणि पाचवी सगळ्यात बहारीची : जे वाक्य उच्चारायला अवघड नाही त्याला हे अवघड म्हणतात, 'अदुरुक्तवाक्यं दुरुक्तमाहुः'. यावरून बऱ्याच अभ्यासकांनी ताडलं की व्रात्यांची बोली प्राकृताच्या वळणाची असावी आणि जोडाक्षरांवर त्यांची जीभ अडखळत असावी. तसं असेल तर त्यांना दिलेलं 'व्रात्य' हे नाव त्यांना स्वतःला धड उच्चारता येत नसणार. आजही लहान मुलं 'वात्य' म्हणतात.

आता पोशाख. डोक्याला उष्णीष, म्हणजे पागोटं, पण ते तिरकं बांधलेलं. सूत्रातला शब्दच 'तिर्यङ्नद्ध' असा आहे. हातात प्रतोद, म्हणजे जनावरं हाकायचा पराणा. 'ज्याह्रोड' नावाचं एक धनुष्य, पण त्याला बाण नाही. लाट्यायन सांगतो, हे बिनबाणांचं धनुष्य घेऊन व्रात्य लोकांना सतावत जातात. मारायला निरुपयोगी आणि धाक घालायला पुरेसं. 'विपथ' नावाची आडवाटेनं जाणारी गाडी, वर फळ्या टाकलेली. काळ्या काठाचं वस्त्र, एक काळं आणि एक पांढरं अशी दोन कातडी, गळ्यात चांदीचा निष्क, म्हणजे दागिना. हे सारं म्होरक्याचं, ज्याला 'गृहपती' म्हणतात. बाकीच्यांची वस्त्रं तांबड्या काठांची, आणि पायांत जोडे.

मुलांना वर्गात सांगायचं असेल तर तिरकं पागोटं आणि बिनबाणाचं धनुष्य या दोनच गोष्टी सांगा, बाकी ती आपोआप लक्षात ठेवतील. टोपी वाकडी केली की माणूस व्यवस्थेला काहीतरी सांगू पाहतोय, हे त्यांना समजावून द्यावं लागत नाही.

प्रश्न : 'व्रात्यस्तोम' म्हणजे एखाद्याला शुद्ध करून घेण्याचा विधी असं मी समजत होतो. आमच्या पाठशाळेत यावर वाद झाला. नेमका विधी कसा? (एक विद्यार्थी, वाई)

तुमची समजूत उत्तरकाळासाठी बरोबर आहे, मुळासाठी अपुरी. तांड्य ब्राह्मणातला व्रात्यस्तोम एका माणसाचा नाही, तो अख्ख्या टोळीचा विधी आहे. एकट्यानं येऊन पाप धुऊन जाण्याची कल्पना तिथे दिसत नाही.

आधी कथा. देव स्वर्गात गेले, तेव्हा त्यांचे काही सोबती भटकंतीवर असल्यामुळे मागे राहिले. हे 'दैव' व्रात्य. देव जिथून वर गेले त्या जागी ते आले, पण वर पोचवणारा स्तोम आणि छंद त्यांना सापडेना. मग देवांनी मरुतांना सांगितलं, यांना तो द्या. मरुतांनी षोडश स्तोम दिला. स्तोम म्हणजे सामगायनात ऋचा किती आणि कशा फिरवून म्हणायच्या त्याचं गणित, आणि इथला आकडा सोळा. ब्राह्मणकार म्हणतो, हे काम पुरं करायला हा षोडश स्तोमच समर्थ आहे. म्हणजे व्रात्यस्तोमाचं खरं अंग सोळाची ही मांडणी, प्रायश्चित्त नव्हे. एक ध्यानात घ्या, मरुत हेसुद्धा वेदात टोळीनंच फिरणारे. टोळीला वाट टोळीनं दाखवली.

विधीचा क्रम असा. टोळीचा एक गृहपती ठरतो आणि त्याच्या अग्नीशी सगळ्यांनी दीक्षा घ्यायची. मग एका दिवसाचा सोमयाग. त्याचे चार प्रकार : पहिला सगळ्या व्रात्यांसाठी, दुसरा निंदित म्हणून ठपका आलेल्यांसाठी, ज्यांना 'नृशंस' म्हटलं आहे, तिसरा वयानं धाकट्यांसाठी, चौथा थोरल्यांसाठी, ज्यांची वयोमानानं धग विझली आहे. चौथ्याचं मूळ नाव 'शमनीचामेढ्र' असं आहे आणि त्याचा अक्षरशः अर्थ पाठशाळेत गुरुजींनाच विचारा.

याग झाला की सामान टाकायचं. पागोटं, पराणा, धनुष्य, गाडी, कातडी, निष्क, सगळं देऊन टाकायचं. कुणाला? लाट्यायन सांगतो, ज्यांनी व्रात्यपणा अजून सोडलेला नाही त्यांना, नाहीतर मगध देशातल्या ब्रह्मबंधूला. ब्रह्मबंधू म्हणजे नावापुरता ब्राह्मण. हा तपशील आम्हाला सर्वांत बोलका वाटतो. सामान जाळत नाहीत, पुरत नाहीत. जे अजून टोळीत आहेत त्यांच्याच हाती सोपवतात. टोळी संपत नाही, तिच्यातले काही बाहेर पडतात एवढंच. बाहेर पडलेले मग 'व्यवहार्य' होतात. त्यांच्याशी जेवणखाण, सोयरीक, अध्ययन सगळं चालतं.

वादात गाडी अडते ती बहुधा इथे : पारस्कर गृह्यसूत्रात, म्हणजे घरगुती संस्कारांच्या ग्रंथात, ज्याची मुंज राहून गेली त्यालाही व्रात्यस्तोम सांगितला आहे. तेव्हा एका पक्षाकडे तांड्य असतं, दुसऱ्याकडे पारस्कर, आणि दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असतात. मधल्या काळात व्रात्य या शब्दाचा अर्थच बदलला होता. ते पुढच्या उत्तरात.

प्रश्न : मुंज वेळेवर न झालेला तो व्रात्य, असं ऐकलं आहे. वेळ म्हणजे किती? आणि त्याचा खोडकरपणाशी संबंध काय? (एक वाचक, कोल्हापूर)

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात मुदती दिल्या आहेत. ब्राह्मणाची मुंज आठव्या वर्षी, क्षत्रियाची अकराव्या, वैश्याची बाराव्या, आणि वर्ष मोजायचं ते गर्भापासून. ही झाली नेहमीची वेळ. शेवटची मुदत अनुक्रमे १६, २२ आणि २४ वर्षं. ती उलटली की तो 'सावित्रीपतित', म्हणजे गायत्रीला मुकलेला, आणि त्यालाच मनू व्रात्य म्हणतो. बघा, टोळी गेली, पागोटं गेलं, धनुष्य गेलं, उरली फक्त एक हुकलेली तारीख. रस्त्यावरचा माणूस कागदावर आला.

सुटका अकराव्या अध्यायात आहे : तीन कृच्छ्रं करून मग यथाविधी मुंज. एक प्राजापत्य कृच्छ्र बारा दिवसांचं. तीन दिवस फक्त सकाळी जेवायचं, तीन दिवस फक्त संध्याकाळी, तीन दिवस न मागता जे मिळेल तेच, आणि शेवटचे तीन दिवस उपास. असं तीनदा, म्हणजे ३६ दिवस. आपस्तंब वेगळा हिशेब सांगतो, दोन महिने ब्रह्मचर्य. बाप आणि आजा दोघंही मुंजीवाचून राहिले असतील तर काळ महिन्यांवरून वर्षांवर जातो, पिढीमागे एक वर्ष.

महाराष्ट्राच्या इतिहासात याचं सर्वांत मोठं उदाहरण रायगडावर घडलं. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक ६ जून १६७४ रोजी झाला, त्याआधी २९ मे रोजी गागाभट्टांच्या देखरेखीखाली त्यांची मुंज झाली. महाराज तेव्हा ४४ वर्षांचे, म्हणजे क्षत्रियाच्या २२ वर्षांच्या मुदतीच्या बरोबर दुप्पट वयाचे. मुदत उलटल्यावरचं प्रायश्चित्त ही शास्त्रात आधीच ठेवलेली खिडकी होती, ती उघडली आणि पुढचा मार्ग मोकळा झाला.

आता खोडकरपणा. गौतम धर्मसूत्रात म्हटलं आहे की मुंजीआधी मुलानं हवं तसं वागावं, हवं ते बोलावं, हवं ते खावं. त्याला दोष नाही. ही मुभा मुंजीबरोबर संपते. मग मुंजीचं वय होऊनही जो उष्टं-खरकटं बघत नाही, मोठ्यांना उलटून बोलतो, दिवसभर गावभर उंडारतो, त्याला घरातली बाई काय म्हणणार? 'व्रात्य'च. ज्या घरांत मुंज हा दर पिढीचा ठरलेला सोहळा होता, त्या पुण्याकडच्या आणि कोकणातल्या घरांत हा शब्द जास्त रुळला, तो यामुळेच असं आमचं मत आहे. पुढे मुंजीशी काही घेणंदेणं नसलेल्यांनीही तो उचलला, कारण कानाला तो चांगला झणझणीत लागतो. मुलींनाही लावला जाऊ लागला, तेव्हा मुंजीचा धागा पुरताच तुटला.

तुमच्या लक्षात आलं असेल की या वळणानं शब्द गोल फिरून मूळ जागी आला. गावभर टोळक्यानं हिंडणारी, बिनबाणाचं धनुष्य घेऊन लोकांना भंडावणारी पोरं. फक्त वय कमी झालं.

प्रश्न : अथर्ववेदात व्रात्याची स्तुती आहे असं वाचलं. शिवी आणि स्तुती एकाच शब्दाला कशी? (एक वाचक, म्हापसा, गोवा)

शौनक शाखेच्या अथर्ववेदाचं पंधरावं कांड संपूर्ण व्रात्यावर आहे. १८ सूक्तं आणि सगळी गद्यात. सुरुवातच अशी की व्रात्य चालत होता आणि त्यानं प्रजापतीला हलवून जागं केलं. मग तो वाढला, महान झाला, महादेव झाला, 'एकव्रात्य' झाला. त्यानं धनुष्य उचललं ते इंद्रधनुष्य. त्याचं पोट निळं, पाठ तांबडी. पुढे तो वर्षभर उभाच राहतो. देव विचारतात, अरे व्रात्या, उभा का? तो म्हणतो, मला आसंदी आणा. आसंदी म्हणजे बैठक. आणली जाते, आणि तिचे पाय असतात ऋतू.

तिरक्या पागोट्याच्या माणसाचं हे विश्वरूप आहे. पराणा, धनुष्य, गाडी ही श्रौतसूत्रांतली सामग्री इथे दिशा, वारा, आभाळ यांच्या मापानं मांडली आहे. 'एकव्रात्य' हा शब्द तर जवळजवळ विरोधाभासच : टोळीतला, पण एकटा. या कांडातली आम्हाला सर्वांत आवडती जागा मात्र विश्वरूपाची नाही, पाहुणचाराची आहे. जाणता व्रात्य घरी आला तर यजमानानं स्वतः उठून त्याला विचारावं, व्रात्या, रात्र कुठे काढलीस? व्रात्या, हे पाणी. राजाच्या घरी आला तर राजानं त्याला आपल्याहून श्रेष्ठ मानावं. आणि अग्निहोत्राच्या वेळी आला तर त्याची परवानगी घेऊनच आहुती द्यावी. परवानगी नाही मिळाली तर द्यायची नाही!

प्रश्नोपनिषदातही प्राणाला 'व्रात्यस्त्वं' असं संबोधलं आहे. शंकराचार्यांनी तिथे सुंदर मार्ग काढला : प्राण सर्वांत आधी जन्मलेला, त्याच्यावर संस्कार करायला दुसरं कुणी नव्हतंच, म्हणून तो असंस्कृत, म्हणजेच स्वभावतः शुद्ध. शिवीचा अर्थ कायम ठेवून तिची स्तुती करून दाखवली.

शिवी म्हणून मात्र तो शब्द महाभारतात कुणाला बसला पाहा. द्रोणपर्वात भूरिश्रवा सात्यकीचा शिरच्छेद करायला निघालेला असताना अर्जुन त्याचा हात तोडतो. भूरिश्रवा खवळून म्हणतो, हे तुला सुचलं कसं ते मला कळतंय. वृष्णी आणि अंधक हे व्रात्य, स्वभावतःच निंद्य, आणि तू त्यांना प्रमाण मानतोस! रोख सरळ श्रीकृष्णावर आहे. गोकुळात सवंगडी जमवून शिंकी फोडणाऱ्याला मोठेपणी रणांगणात ही शिवी मिळावी, यात महाभारतकाराचा विनोद असेल असं आम्ही म्हणणार नाही; पण आजीनं नेमका तोच शब्द वापरला असता.

प्रश्न : मी फौजदारी वकिली करतो. 'व्रात्य' आणि 'गुंड' यांत फरक प्रमाणाचाच ना? (एक वकील, नागपूर)

साहेब, फरक प्रवासाच्या दिशेचा आहे. व्रात्य हा शब्द शास्त्राच्या पोथीतून स्वयंपाकघरात आला. गुंड हा बोलण्यातला शब्द उलट्या वाटेनं कायद्याच्या पुस्तकात गेला, आणि तिथे त्याची जी फजिती झाली ती नागपूरकरांनी आठवणीत ठेवण्यासारखी आहे.

नागपूर ही मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी असताना १९४६ साली तिथे 'गुंडा कायदा' झाला. गुंडाला जिल्ह्याबाहेर घालवण्याचा अधिकार त्यानं जिल्हाधिकाऱ्याला दिला. आता व्याख्या : गुंड म्हणजे दंगेखोर, दांडगट किंवा उडाणटप्पू, आणि सार्वजनिक शांततेला धोकादायक असलेली व्यक्तीही त्यातच! पुढे मध्य प्रदेशातून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९६० मध्ये हा कायदा घटनाबाह्य ठरला. न्यायालयाचे मुख्य आक्षेप दोन : कुणाला गुंड म्हणायचं याची कसोटी व्याख्येत नाही, आणि ज्याच्यावर शिक्का बसतो त्याला 'मी गुंड नाही' हे दाखवण्याची संधी कायद्यात नाही. देशात कुठेही फिरण्याचा आणि राहण्याचा हक्क अशा शब्दावर काढून घेता येणार नाही.

महाराष्ट्राच्या १९८१ च्या स्थानबद्धतेच्या कायद्याशी हे ताडून पाहा. त्याच्या मराठी नावात चक्क 'झोपडपट्टीदादा' आणि 'हातभट्टीवाले' आहेत, म्हणजे बोलीतले शब्द तिथेही आहेतच. पण 'धोकादायक व्यक्ती'ची व्याख्या करताना तेव्हाच्या भारतीय दंडसंहितेची १६ वी आणि १७ वी प्रकरणं आणि शस्त्र कायद्याचं पाचवं प्रकरण यांतले गुन्हे एकट्यानं किंवा टोळीनं सराईतपणे करणारा, असं बांधून घेतलं आहे. स्थानबद्धतेची कमाल मुदत १२ महिने. महाराष्ट्र पोलीस कायद्यातली तडीपारी, म्हणजे कलम ५५ ते ५७, दोन वर्षांपर्यंत जाते. शब्द रस्त्यावरचा चालतो, त्याची व्याख्या मात्र रस्त्यावरची चालत नाही.

आणि हो, 'टोळी' इथेही आहेच. पतंजलीचा 'संघ' आठवा.

प्रश्न : मुलीला मराठी शिकवते आहे. व्रात्य, वात्रट, वांड, उनाड, टारगट यांत फरक कसा सांगू? आणि 'व्रात्य'ला इंग्रजी शब्द कोणता? (एक आई, न्यू जर्सी)

ताई, व्याख्येपेक्षा वाक्यं द्या. टीपॉयवरची फुलदाणी फोडून वर दुसऱ्याचं नाव सांगणारा व्रात्य. पाहुण्यांसमोर नको तो विनोद करणारा वात्रट. हा शब्द हातापायांपेक्षा जिभेचा. कुणालाच आवरत नाही तो वांड. शाळेच्या वेळेत भलतीकडेच भटकणारा उनाड. यात खोडी असेलच असं नाही, ठावठिकाणा नसणं महत्त्वाचं. टारगट हा थोडा मोठ्या वयाचा, कट्ट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना बोलणारा. खट्याळमध्ये लाड असतो. चावटमध्ये सूचकपणा असतो, तेव्हा तो शब्द मुलीला जरा मोठी झाल्यावर द्या. लहान मूल मोठ्यांच्या बोलण्यात न विचारता तोंड घालतं, ते आगाऊ.

वापरताना होणाऱ्या चुका अशा : 'व्रात्य'चं रूप लिंगानुसार बदलत नाही, त्यामुळे व्रात्य मुलगा, व्रात्य मुलगी, व्रात्य कार्टं, सगळीकडे तेच. 'व्रात्या मुलगी' नको. नाम करायचं तर व्रात्यपणा; 'व्रात्यगिरी' ऐकायला गमतीची वाटते, पण दादागिरीच्या धाटणीवर ओढून आणलेली आहे. लिहिताना 'व्रा' आणि 'त्य' सुटे ओळखून लिहायला लावा. 'वात्र्य' ही चूक फार होते, बहुधा वात्रटच्या प्रभावानं. आणि मोठ्या माणसाला व्रात्य म्हणायचं असेल तर आवाजात हसू हवं, नाहीतर तो शब्द फुसका ठरतो.

इंग्रजीत 'नॉटी' म्हटलं की खोडी येते, धाक येत नाही. 'हूलिगन' जास्तच जड. तो लंडनच्या वर्तमानपत्रांत १८९८ च्या उन्हाळ्यात रस्त्यावरच्या टोळक्यांसाठी गाजला, आणि रशियन भाषेनं तो उचलून १९२२ च्या फौजदारी संहितेत गुन्ह्याचं नाव म्हणून घातला. टोळीपुरतं दोन्ही शब्दांचं जुळतं, पण हूलिगनला जवळ घेऊन कुणी शिरा भरवत नाही. तेव्हा भाषांतर न करता 'व्रात्य'च ठेवा. जोडाक्षरं जमेपर्यंत तिनं 'वात्य' म्हटलं तरी चालेल.